परदेशी उद्योगवीर आणि मराठी चरित्रवाङ्मय

नोकरीनिमित्त परप्रांतात राहणाऱ्या मराठी माणसाच्या घरी चार प्रकारची पुस्तके बहुधा सापडतात. ज्ञानेश्वरी किंवा तुकोबांची गाथा असते; विनोदाचा एखादा संग्रह असतो; मुलांनी मराठी विसरू नये म्हणून मुद्दाम आणलेले शिवचरित्र असते; आणि चौथे पुस्तक कोणा तरी कर्तबगार अमेरिकन पुरुषाच्या चरित्राचे असते. हे चौथे पुस्तक सहसा विकत घेतलेले नसते. ते शाळेत बक्षीस मिळालेले असते, किंवा मॅट्रिकच्या निकालाच्या दिवशी मामांनी आशीर्वादासह हाती ठेवलेले असते. माझ्या बदलीच्या सामानातूनही असे एक पुस्तक तीन गावे हिंडून आता बंगळूरला आले आहे. त्यात कार्नेगी आहे, फोर्ड आहे, एडिसन आहे. सगळ्यांचे बालपण दारिद्र्यात गेले आहे, सगळे पहाटे उठणारे आहेत, आणि प्रत्येक चरित्राचा शेवट धनाच्या राशीने आणि त्या राशीतून केलेल्या दानाने झाला आहे.

एक शंका मला पुष्कळ दिवस छळते आहे. ज्या वर्गाने उभ्या जन्मात एक दिवसही दुकान चालविले नाही, ज्याचे सारे आर्थिक धाडस भविष्यनिर्वाह निधीतून उचल घेण्यापुरते मर्यादित राहिले, त्या आपल्यासारख्या पगारदार वर्गाला ही चरित्रे इतकी प्रिय का व्हावीत? आणि वाङ्मय म्हणून पाहू गेल्यास त्यांची योग्यता ती काय? ह्या दोन प्रश्नांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत असे मला वाटते. त्यासाठी थोडे मागे जाणे अवश्य आहे.

अमेरिका मराठी ग्रंथांत प्रथम आली ती काही श्रीमंतांचा देश म्हणून आली नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली आणि ती अर्पण केली, ती काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी निरपेक्ष बुद्धीने झटणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. जोतीराव स्वतः ठेकेदारीच्या व्यवसायात होते. दगड, चुना, मजुरी आणि वरिष्ठांची बिले ह्यांचा हिशेब त्यांना नीट ठाऊक होता. तरीही अमेरिकेकडून त्यांनी मागितले ते भांडवल किंवा यंत्र नव्हते, तर एका अन्यायाच्या निवारणाचा दाखला होता. पुढे आनंदीबाई जोशी १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. त्या पदवीदानासाठी पंडिता रमाबाई तिकडे गेल्या त्या दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या, आणि १८८९ साली त्यांनी 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हा ग्रंथ मराठीत लिहिला. ह्या ग्रंथाचे मोल आजही कमी झालेले नाही. तेथील शाळा, संस्था, स्त्रियांची संघटना ह्यांचे बाई मनापासून कौतुक करतात; पण त्याच भूमीवर तेथल्या मूळच्या लोकांची आणि कृष्णवर्णीयांची जी दैना झाली, तिच्याकडे त्या डोळेझाक करीत नाहीत. कौतुक आणि परीक्षण ही दोन्ही एकाच लेखणीतून उतरावीत ही गोष्ट सोपी नाही. बाईंना ती साधली.

योगायोग असा की, त्याच १८८९ साली अँड्र्यू कार्नेगीने एका अमेरिकन मासिकात आपला तो गाजलेला निबंध लिहिला, जो पुढे 'धनाचे शुभवर्तमान' अशा अर्थाच्या नावाने सर्वतोमुखी झाला. धनिकाने आपले धन हयातीतच लोककल्याणासाठी खर्चून टाकावे, धनासह मरणे ही लज्जेची गोष्ट होय, असा त्याचा मथितार्थ. त्याच वर्षी मुंबईत रमाबाईंचे शारदासदन सुरू झाले तेही अमेरिकन पैशावर. पण तो पैसा वेगळ्या जातीचा होता. बोस्टन येथे स्थापन झालेल्या संस्थेच्या शाखांतून सामान्य घरच्या स्त्रियांनी दहा वर्षे दरसाल निदान एक डॉलर देण्याचे वचन दिले होते. एकाने लाखो कमवावे आणि मग वाटावे ही दानाची एक रीत. हजारोंनी एकेक नाणे घालावे ही दुसरी. मराठी वाचकाला ह्या दोन्ही रीती एकाच वर्षी उपलब्ध झाल्या होत्या. पुढच्या शतकात आपल्या बक्षिसांच्या पुस्तकांत कार्नेगी तेवढा राहिला, आणि त्या एक डॉलरवाल्या बाया नाहीशा झाल्या.

हे कसे झाले? माझे मत असे की, आपण कार्नेगीला मराठीत आणताना नवा साचा घडविला नाही, जुनाच वापरला. महिपतींनी १७६२ साली 'भक्तविजय' लिहिला, तेव्हापासून चरित्र म्हणजे काय ह्याची एक ठाम कल्पना मराठी मनात रुजलेली आहे. भक्त दीन असतो, त्याची परीक्षा होते, लोक त्याला छळतात, तो ढळत नाही, आणि अखेरीस देव धावून येतो. आपल्या उद्योगवीरांच्या चरित्रांत विठ्ठलाच्या जागी उद्योग आला, एवढाच काय तो फरक. सूतगिरणीत आठवड्याला सव्वा डॉलरहून कमी मजुरीवर बाबिणी भरणारा तेरा वर्षांचा पोर ही दैन्याची पायरी; तारखात्यातली चिकाटी ही परीक्षा; आणि पोलादाचा कारखाना हे पांडुरंगाचे दर्शन. साचा सुबक आहे आणि मुलांना तो आवडतो. पण संतचरित्रात देवाच्या कृपेने जे झाले ते कसे झाले हे विचारायचे नसते. उद्योगाच्या चरित्रात नेमके तेच विचारायचे असते. भांडवल कोणी दिले? जकातीच्या भिंतीने परदेशी पोलाद किती काळ बाहेर ठेवले? भट्टीपाशी कोण उभे होते, आणि किती तास?

होमस्टेड हे नाव माझ्या त्या बक्षिसाच्या पुस्तकात नाही. १८९२ च्या जुलै महिन्यात पेन्सिल्व्हेनियातील ह्या गावी कार्नेगीच्या कारखान्यात मजुरीवरून तंटा झाला. व्यवस्थापक फ्रिक याने भाडोत्री पहारेकऱ्यांची तीनशेची तुकडी नदीतून तराफ्यांवरून आणली. ६ जुलैला दोन्हीकडून गोळ्या झडल्या, माणसे मेली, पुढे राज्याचे सैन्य आले आणि कामगारांची संघटना मोडली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडमध्ये होता. आत्मचरित्रात त्याने आपली अनुपस्थिती आणि आपले दुःख ही दोन्ही नोंदविली आहेत; पण फ्रिकला त्याचा पाठिंबा होता हे मागाहून उजेडात आलेल्या पत्रव्यवहारावरून दिसते. ह्यातली विशेष मर्मभेदक गोष्ट अशी की, सहाच वर्षांपूर्वी, १८८६ साली, ह्याच कार्नेगीने कामगारांच्या संघटनेच्या हक्काची बाजू घेऊन लेख लिहिले होते. विचार आणि वर्तन ह्यांमधली ही दरी म्हणजे चरित्रकाराला केवढी संधी! कादंबरीकाराने हेवा करावा असा हा प्रसंग आहे. आपल्या चरित्रकारांनी तो गाळला, कारण साच्यात तो बसत नव्हता. हा दोष नीतीचा आहेच, पण त्याआधी तो कलेचा आहे. ज्या माणसाच्या मनात कधी द्वंद्व माजत नाही, त्याचे चरित्र वाचून वाचकाच्या मनातही काही हलत नाही.

हेन्री फोर्डची गोष्ट ह्याहून बोधप्रद आहे. ५ जानेवारी १९१४ रोजी फोर्डने कामगारांना दिवसाला ५ डॉलर देण्याचे जाहीर केले, ही हकीकत आपल्याकडे औदार्याचा नमुना म्हणून सांगितली जाते. औदार्य नव्हतेच असे मी म्हणत नाही. पण त्याच्या आदल्या वर्षी त्या कारखान्यात सरकती जुळणी सुरू झाली होती; मोटारीचा सांगाडा जुळवायला पूर्वी बारा तासांहून जास्त लागत, तो दीड तासाच्या आसपास जुळू लागला होता. एकच पेच दिवसभर फिरवीत राहण्याच्या त्या कामाला माणसे इतकी विटली की, सुमारे १४,००० जागा भरलेल्या ठेवण्यासाठी त्या वर्षी ५०,००० हून अधिक माणसे भरती करावी लागली. ५ डॉलर हा त्या विटण्यावरचा उपाय होता. तो उपायही सरसकट नव्हता: कामगार घरी कसा राहतो, दारू पितो काय, शिल्लक टाकतो काय, हे पाहण्यासाठी कंपनीची माणसे घरोघर जात, आणि त्या परीक्षेत उतरेल त्यालाच पूर्ण रक्कम मिळे. ह्याच फोर्डने विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपल्या वृत्तपत्रातून ज्यूंविरुद्ध विखारी लेखमाला चालविली. हे सारे ठाऊक झाले म्हणजे फोर्ड लहान होतो काय? मला तसे वाटत नाही. ८५० डॉलरची मोटार १९२५ च्या सुमारास ३०० डॉलरच्या आत आणून शेतकऱ्याच्या अंगणात उभी करणारा पुरुष लहान खासच नव्हे. पण तो संत नव्हे एवढे कळते, आणि मग तो समजून घेण्याजोगा होतो.

आता ह्याच्या उलट बाजूला, अमेरिकन विचारवंत मराठीत कसे आले ते पाहावे. ते थोडे आले, पण कसदार आले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ ते १९१६ ह्या काळात कोलंबिया विद्यापीठात होते आणि तेथे जॉन ड्यूई हे त्यांचे अध्यापक होते. लोकशाही ही केवळ राज्यपद्धती नसून एकत्र जगण्याची रीत आहे हा ड्यूईंचा विचार बाबासाहेबांनी घेतला तो नुसता सांगण्यासाठी घेतला नाही. १९३६ सालच्या जातिनिर्मूलनावरील भाषणात त्यांनी तो आपल्या समाजाला कसोटीसारखा लावून दाखविला. १९५२ च्या जूनमध्ये त्याच विद्यापीठाने बाबासाहेबांना सन्मानपूर्वक पदवी दिली, आणि त्याच आठवड्यात ड्यूईंचे निधन झाले. दुसरे उदाहरण दुर्गाबाई भागवतांचे. थोरोच्या 'वॉल्डन'ला त्यांनी 'वॉल्डनकाठी विचारविहार' असे मराठी रूप दिले. करभरणा नाकारून १८४६ साली एक रात्र तुरुंगात काढणाऱ्या त्या माणसाचे पुस्तक मराठीत आणणाऱ्या ह्या विदुषीने १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीचा निषेध केला आणि पुढे कारावासही सोसला. विचार मराठीत येतो तो असा. कोणी तरी त्याची किंमत मोजावी लागते. उद्योगवीर मात्र आपल्याकडे फुकट आले. त्यांच्यासाठी कोणीच काही मोजले नाही, म्हणून ते देव्हाऱ्यात बसले.

ह्या दोन प्रवाहांच्या मध्ये एक पुस्तक उभे आहे, त्याचा उल्लेख टाळता येणार नाही. वीणा गवाणकरांचे 'एक होता कार्व्हर' हे १९८१ साली निघाले आणि मराठी घरांत जितके वाचले गेले तितके दुसरे कोणतेही अमेरिकन चरित्र वाचले गेले नसावे. गुलामगिरीत जन्मलेला हा कृषिशास्त्रज्ञ १८९६ साली बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या टस्कीगी येथील संस्थेत आला आणि १९४३ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिला. एडिसनने मोठ्या पगारावर बोलाविले असता आपण गेलो नाही, असे तो सांगे. फोर्ड त्याचा उत्तरायुष्यातला स्नेही. मराठी वाचकाने फोर्डपेक्षा फोर्डच्या ह्या मित्राला आपले मानले, ह्यात नवल नाही. आपल्याला संपत्ती आवडते ती टाकून दिलेली. पण गवाणकरांच्या पुस्तकाचे यश केवळ त्यागाच्या आकर्षणात नाही. कपाशीने निकस झालेली जमीन, भुईमुगाने तिला आलेली उभारी, शेतकऱ्याच्या दारापर्यंत जाणारी ती फिरती शाळा असे प्रत्यक्ष काम त्यात दिसते. ज्या चरित्रात काम दिसते ते टिकते, हा धडा त्यातून घ्यावा.

आणि मग मी बंगळूरकडे येतो. ह्या शहरात राहणाऱ्या मराठी माणसाने जुन्या विमानतळाच्या रस्त्याने जाताना क्षणभर थांबून आठवण करावी असे एक नाव आहे: वालचंद हिराचंद. १८८२ साली सोलापुरात एका गुजराती जैन कुटुंबात जन्मलेले हे गृहस्थ, जोतीरावांप्रमाणेच ठेकेदारीतून वर आले. १९१९ साली सिंदिया कंपनी काढून त्यांनी 'लॉयल्टी' हे जहाज ५ एप्रिलला मुंबईहून इंग्लंडकडे सोडले. १९३९ साली मोटारीच्या कारखान्यासाठी ते अमेरिकेत गेले. फोर्ड कंपनीशी जुळले नाही, जनरल मोटर्सशी जुळले नाही. अखेर क्रायस्लरशी जुळले आणि त्यातून १९४४ साली प्रीमियर कंपनी निघाली. त्याच प्रवासातून परतताना विल्यम पॉली ह्या अमेरिकन विमान-व्यावसायिकाशी त्यांची गाठ पडली, आणि मोटारीसाठी गेलेला माणूस विमानाची कल्पना घेऊन परतला. २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची नोंद झाली.

इथवर साचा अगदी चपखल बसतो. पण पुढे पाहावे. जागा दिली आणि भांडवलात भाग घेतला तो म्हैसूर संस्थानाने; दिवाण सर मिर्झा इस्माईल ह्यांचा त्यास पाठिंबा होता. यंत्रे आणि तज्ज्ञ अमेरिकेचे. गिऱ्हाईक सरकार, आणि निकड महायुद्धाची. जपानी फौजा ब्रह्मदेशात घुसल्यावर १९४२ साली हिंदुस्थान सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेऊन कारखाना आपल्या ताब्यात घेतला. म्हणजे स्थापनेपासून दीड वर्षाच्या आत संस्थापक बाहेर! एमर्सनने १८४१ साली स्वावलंबनावर जो निबंध लिहिला, त्याचा आधार घेऊन आपले चरित्रकार प्रत्येक उद्योगपतीला स्वयंभू ठरवितात. पण बंगळूरच्या ह्या कारखान्यात स्वयंभू असे एकही चाक नव्हते. एका माणसाचे धाडस, एका संस्थानाची दूरदृष्टी, परक्यांचे कसब, युद्धाची गरज आणि हजारो कारागिरांचे हात ह्यांच्या जुळणीतून ते उभे राहिले. वालचंदांचे मोठेपण ह्या जुळणीत आहे. गं. दे. खानोलकरांनी मराठीत वालचंदांचे विस्तृत चरित्र लिहिले आणि त्याच्या नावातच व्यक्तीबरोबर काळालाही स्थान दिले, ही मला फार अर्थपूर्ण गोष्ट वाटते. व्यक्ती आणि काळ ह्यांना एका शीर्षकात आणणे हीच ह्या वाङ्मयप्रकाराची खरी दिशा आहे.

किर्लोस्करांचे उदाहरण ह्याच दिशेचे. लक्ष्मणरावांनी १९१० साली औंध संस्थानाच्या आश्रयाने किर्लोस्करवाडी वसविली. पुढे त्यांचाच उद्योग १९४१ साली हरिहरला आणि १९४६ साली बंगळूरला पोहोचला. पण साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, १९२० साली कारखान्याची खबर देण्यासाठी निघालेल्या पत्रिकेतून 'किर्लोस्कर' मासिक झाले, आणि त्यामागून 'स्त्री' व 'मनोहर' आली. नांगर करणाऱ्यांनी मासिके काढली. मासिके काढणाऱ्या आपल्या लेखकांनी मात्र नांगराकडे क्वचितच पाहिले.

ह्या चरित्रांत आपल्या वर्गाला, म्हणजे सरकारी कारकुनाला, कोणती भूमिका मिळते हेही पाहण्यासारखे आहे. तो असतो तो केवळ अडथळा म्हणून: लाल फीत, शेरा, 'उद्या या'. हे वाचताना मला पूर्वी राग येई. वालचंदांना जमीन देणारा आदेशही कोणा कारकुनानेच लिहून काढला असेल, त्याची आठवण कोणाला? असा माझा युक्तिवाद असे. तो आजही मला सर्वस्वी चूक वाटत नाही. पण एक प्रसंग सांगितल्यावाचून हा लेख प्रामाणिक होणार नाही. पीण्याच्या वसाहतीत दोन लेथ यंत्रांवर सुटे भाग कातणारा एक गृहस्थ एका नोंदणीच्या अर्जासाठी माझ्या टेबलापाशी आला होता. पहिल्या वेळी एक सही राहिली होती, दुसऱ्या वेळी एक तारीख जुळत नव्हती, तिसऱ्या वेळी जोडपत्राची प्रत अस्पष्ट होती. तिन्ही वेळा मी अर्ज परत केला. नियमाने मी निर्दोष होतो; तिन्ही उणिवा पहिल्याच वेळी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या, एवढे सोडून. तिसऱ्या दिवशी घरी येऊन मी मुलीला रात्री ते बक्षिसाचे पुस्तक वाचून दाखवू लागलो. अडचणींना न डगमगणाऱ्या फोर्डची गोष्ट होती. मुलीने विचारले, "बाबा, त्याला अडचणी कोण आणत होतं?" पुस्तकात त्याचे उत्तर नव्हते. माझ्यापाशी होते, पण मी पान उलटले.

त्या गृहस्थाचा अर्ज पुढे निकाली निघाला. तीन दिवस बंद राहिलेल्या लेथचा खाडा त्याला कोणी भरून दिला नाही.

म्हणूनच आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला आता असे द्यावेसे वाटते. ही चरित्रे आपल्याला प्रिय आहेत, कारण ती आपल्याकडून काही मागत नाहीत. दूरदेशीचा वीर, गेलेला काळ, चमत्कारासारखे यश. ह्यांना नमस्कार केला की आपले कर्तव्य संपते. चांगले चरित्र असे सुटू देत नाही. त्यात होमस्टेडची नदी असते, सरकती जुळणी असते, एक डॉलर देणारी बाई असते आणि टेबलामागचा कारकूनही असतो. रमाबाईंनी १८८९ साली कौतुक आणि परीक्षण एकत्र कसे नांदवावे हे मराठीत दाखवून ठेवले आहे. तो धागा आपण हातचा सोडला, तो पुन्हा उचलता येईल.

त्याची सुरुवात परप्रांतातील मराठी मंडळींनी करावी अशी माझी सूचना आहे. आपल्यापैकी कित्येकांची हयात कारखान्यांच्या, रेल्वेच्या, संरक्षण-खात्याच्या कचेऱ्यांत गेली आहे. उद्योग कसा उभा राहतो आणि कसा अडतो हे कागदाच्या बाजूने आपल्याइतके कोणी पाहिलेले नाही. निवृत्तीनंतर आपण प्रवासवर्णने आणि आठवणी लिहितो. त्यांत एक प्रकरण ह्याचेही लिहावे. ते लिहिताना स्वतःला अडथळा म्हणून दाखविण्याची पाळी आली तर तेही दाखवावे. माझी मुलगी ते पुस्तक अजून वाचते. पुढचे बक्षीस तिला मिळाले, तर त्यात तिच्या प्रश्नाचे उत्तर असावे एवढीच इच्छा आहे.